राजदूत कार्डिनलांचं चरित्र कसं लिहावं: आयव्हन डायस यांच्या निमित्ताने

आमच्या धर्मग्रामाच्या वार्षिकात दरवर्षी एका धर्मगुरूचा जीवनपरिचय येतो आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. पोपचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिलेले कार्डिनल आयव्हन डायस यांच्यावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझा लेख दीड पानात संपला. वांद्र्यात जन्म, रोममध्ये शिक्षण, अमुक देशात नेमणूक, तमुक देशात नेमणूक, मुंबईचे आर्चबिशप, कार्डिनल, निधन. छापून आल्यावर शेजारच्या मावशींनी वाचला आणि सरळ विचारलं, "पण बाई, ते त्या देशांत करत काय होते?" मला उत्तर देता आलं नाही. मग वही काढली आणि सगळं पुन्हा लिहिलं. त्या दुसऱ्या खेपेला जे हाती लागलं ते इथे सांगते. तुमच्या गावातल्या, घराण्यातल्या किंवा दूरच्या एखाद्या राजदूत धर्मगुरूवर लिहायचं असेल तर उपयोगी पडेल.

सुरुवात लाल टोपीपासून करू नका. कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे टोपी येते आणि लेखकही तिच्यामागे धावतो. डायस यांना ती २१ फेब्रुवारी २००१ रोजी मिळाली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. त्या दिवशी चव्वेचाळीस जण कार्डिनल झाले. त्यांत केरळचे वर्की वितायतिल होते आणि ब्यूनोस आयरिसचे होर्हे बेर्गोलियो, म्हणजे पुढचे पोप फ्रान्सिस. दिवस मोठा खरा, पण डायस यांचं बहुतेक काम तोवर होऊन गेलेलं होतं, आणि तेही कॅमेऱ्यांपासून लांब.

माझी रीत साधी आहे. दोनशे पानी वही घ्या आणि समोरासमोरची दोन पानं एकत्र वापरा. डाव्या पानावर त्यांची तारीख आणि नेमणूक, उजव्या पानावर त्या महिन्यात त्या देशात काय चाललं होतं ते. बस, एवढंच. डावं पान अर्ध्या तासात भरतं. उजव्या पानाला माझा एक अख्खा पावसाळा गेला, आणि माणूस सापडला तो तिथेच.

उदाहरणं देते. ८ मे १९८२ रोजी डायस यांची घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांसाठी नेमणूक झाली. माझ्या पहिल्या लेखात हे एक वाक्य होतं. आता उजवं पान बघा. घानात ३१ डिसेंबर १९८१ला जेरी रॉलिंग्ज यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतलेली. जून १९८२च्या अखेरीस तिथल्या उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना आणि एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला रात्री घरातून उचलून नेलं आणि मारून टाकलं. पुढच्याच जानेवारीत नायजेरियाने घानाच्या लाखो मजुरांना देशाबाहेर काढलं. ते परतले तेव्हा देशात दुष्काळ होता. शेजारच्या बेनिनमध्ये केरेकू यांचं मार्क्सवादी सरकार, टोगोत एयादेमा यांची लष्करी राजवट. सेहेचाळीस वर्षांचा वांद्र्याचा माणूस पहिल्यांदाच पोपचा राजदूत होऊन या तीन राजधान्यांच्या वाटेला लागला. "घाना, टोगो व बेनिन येथे सेवा" एवढंच लिहून थांबलो तर यातलं काहीच वाचकाच्या हाती लागत नाही.

दुसरी नेमणूक दक्षिण कोरियाची, जून १९८७. हा महिना कोरियन माणसाला विचारा, तो लगेच ओळखेल. लोकशाहीसाठी लाखो लोक रस्त्यावर होते आणि पोलिसांच्या अश्रुधुरातून पळालेली मुलं सोलच्या म्योंगडोंग कॅथेड्रलमध्ये आसऱ्याला होती. तिथले कार्डिनल किम सू-ह्वान त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २९ जूनला सरकार नमलं आणि थेट निवडणुकीचं आश्वासन दिलं. पुढच्या वर्षी सोलला ऑलिंपिक, १९८९च्या ऑक्टोबरात जागतिक युखरिस्टिक परिषद, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीसाठीचा मोठा मेळावा, आणि तिच्यासाठी पोप जॉन पॉल दुसरे हजर. राजदूताच्या कारकिर्दीला यापेक्षा भरलेली चार वर्षं मिळणं कठीण.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळा. उजव्या पानावरची घटना त्यांच्या नावावर टाकू नका. म्योंगडोंगमधल्या मुलांना डायस यांनी वाचवलं असं मी लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. "ते पोहोचले तेव्हा देश असा होता" इथे थांबायचं. वाचक शहाणा असतो, पुढचं तो समजतो.

आता शब्दांबद्दल. कॅथलिक मुत्सद्देगिरीतले शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात, पण ते जसेच्या तसे उतरवले की चुका होतात. माझ्याच हातून झालेली चूक सांगते. १९८२च्या नेमणुकीबरोबर डायस "रुसुबिसिरचे आर्चबिशप" झाले. मी लिहून टाकलं की ते काही काळ रुसुबिसिर इथे आर्चबिशप होते. एका निवृत्त धर्मगुरूंनी मला घरी बोलावून समजावलं की रुसुबिसिर हा उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियाच्या भूमीवरचा, शेकडो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला धर्मप्रांत आहे. तिथे आज ना कॅथेड्रल, ना भाविक. राजदूताला आर्चबिशपचा दर्जा द्यायचा असतो, आणि प्रत्येक बिशपाला कुठला ना कुठला धर्मप्रांत असावा लागतो, म्हणून अशा लुप्त गावाचं नाव त्याला दिलं जातं. तुमच्या माणसाच्या नावापुढे न ऐकलेलं गाव दिसलं की आधी नकाशा उघडा, मग पेन.

नन्सिओ म्हणजे पोपचा राजदूत. तो व्हॅटिकन नावाच्या चिमुकल्या शहराचा राजदूत नसतो, पोपपीठाचा, म्हणजे पोपच्या अधिकारपदाचा, असतो. लेखात हा फरक नक्की ठेवा. नन्सिओ आणि प्रो-नन्सिओ यांतही फरक आहे. डायस घानात आणि कोरियात प्रो-नन्सिओ होते, अल्बानियात नन्सिओ. मला वाटलं बढती मिळाली. तसं नाही. कॅथलिक परंपरेच्या पुष्कळ देशांत पोपचा राजदूत आपोआप सगळ्या राजदूतांचा ज्येष्ठ मानला जातो. १९६१च्या व्हिएन्ना करारानेही या प्रथेला जागा ठेवली. जिथे हा मान नव्हता तिथल्या राजदूताला १९६५पासून प्रो-नन्सिओ म्हणत. १९९१च्या सुमारास रोमने तो शब्द वापरणं थांबवलं आणि नवे राजदूत सरसकट नन्सिओ झाले. म्हणजे बदल पाटीवर झाला, माणसाच्या दर्जात नाही. प्रेषितीय प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, ही तिसरी जात. तो देशाच्या सरकारकडे नसतो, फक्त तिथल्या ख्रिस्तसभेकडे असतो.

नन्सिओ दिवसभर करतो काय, हा आमच्या मावशींचा प्रश्न. सरकारशी बोलणी, अहवाल, राष्ट्रीय दिनाच्या मेजवान्या हे सगळं असतंच. पण कामाचा गाभा आहे बिशप शोधणं. एखाद्या धर्मप्रांताची जागा रिकामी झाली की नन्सिओ गुप्तपणे चौकशा करतो. धर्मगुरूंना, कधी प्रापंचिकांनाही प्रश्नावली जाते, आणि शेवटी तीन नावांची यादी त्याच्या मतासह रोमला पाठवली जाते. निवड पोप करतात, पण टेबलावर येणारी यादी बहुतेक वेळा नन्सिओच्या हातची असते. एखाद्या देशातल्या ख्रिस्तसभेचा पुढच्या वीस वर्षांचा चेहरा असा ठरतो. म्हणून चरित्र लिहिताना त्या काळात त्या देशात कोण कोण बिशप झाले याची यादी काढा. तुमच्या माणसाच्या कामाचा हा सगळ्यात टिकाऊ पुरावा आहे.

ही यादी काढताना मी अल्बानियापाशी थांबले, आणि खरं सांगते, तिथून पुढे मला हे चरित्र नुसतं काम म्हणून लिहिता आलं नाही.

अल्बानियाने १९६७ साली सगळे धर्म बंद केले आणि स्वतःला जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतलं. चर्च, मशिदी, मठ सगळ्यांना कुलूप. मुलांना धार्मिक नावं ठेवायलाही बंदी आली. श्कोदर शहराच्या कॅथेड्रलमधून वेदी काढली आणि तिथे खेळाचं सभागृह केलं, जिथे लोक गुडघे टेकत तिथे मुलं चेंडू खेळू लागली. धर्मगुरू तुरुंगात, श्रमछावण्यांत, कित्येक गोळीबार पथकासमोर. नोव्हेंबर १९९०मध्ये सिमोन युबानी नावाच्या धर्मगुरूंनी श्कोदरच्या दफनभूमीत उघड्यावर मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, केली. ते स्वतः वीसहून अधिक वर्षं कैदेत काढून आलेले. सप्टेंबर १९९१मध्ये पोपपीठाशी राजनैतिक संबंध पुन्हा जुळले आणि त्याच वर्षी नन्सिओ म्हणून नाव आलं ते आयव्हन डायस यांचं. पुढे देशाच्या दक्षिण भागाचा कारभारही त्यांच्याकडे दिला गेला, कारण तो पाहायला दुसरं कुणी नव्हतं.

कोलकात्याच्या मदर तेरेसा मूळच्या अल्बानियन कुटुंबातल्या. त्यांची आई आणि बहीण तिराना शहरात वारल्या, पण सरकारने मदरना भेटू दिलं नव्हतं. १९९१मध्ये त्यांच्या सिस्टर्सचं घर तिथे उघडलं. म्हणजे त्या काळात उद्ध्वस्त अल्बानियात भारतातून दोन वाटा आल्या होत्या, एक कोलकात्याची आणि एक वांद्र्याची. मराठीत लिहिताना हा धागा सोडू नका, तो ओढूनताणून आणलेला नाही.

२५ एप्रिल १९९३ला जॉन पॉल दुसरे श्कोदरला आले आणि त्याच कॅथेड्रलमध्ये चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांतले फ्रानो इलिया यांना कधीकाळी व्हॅटिकनसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून मृत्युदंड सुनावला होता, नंतर तो सक्तमजुरीवर आला. दुसरे, र्रोक मिर्दिता, अमेरिकेतून स्थलांतरित अल्बानियनांची सेवा सोडून परतले होते. १९९४मध्ये मिकेल कोलिकी हे ब्याण्णव वर्षांचे धर्मगुरू अल्बानियाचे पहिले कार्डिनल झाले. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात आणि छावण्यांत गेला होता. जिथे एकेका जिवंत धर्मगुरूचा पत्ता शोधावा लागत होता तिथे राजदूताने यादी कशी जुळवली असेल याचा विचार करत मी वहीचं ते पान तीन दिवस उलटलं नाही.

आता मागे वळून रोमकडे. राजदूत धर्मगुरू घडतो कुठे, हे लेखात दोन वाक्यांत तरी यायला हवं. रोममध्ये पँथिऑनच्या मागे मिनर्व्हा चौकात १७०१ साली सुरू झालेली अकादमी आहे. तिथे धर्मगुरूंना राजनय शिकवतात. मुलं पुढ्यात असतील तर त्यांना चौकातला हत्ती दाखवा. बेर्निनीने आखलेल्या दगडी हत्तीच्या पाठीवर इजिप्तचा स्तंभ उभा आहे. स्थानिक बिशपाने पाठवल्याशिवाय इथे प्रवेश नाही. कॅनन लॉची, म्हणजे चर्चच्या कायद्याची पदवी, परकीय भाषा, अहवाललेखन असा अभ्यास असतो. २०२०च्या वर्षापासून पोप फ्रान्सिस यांनी एक वर्ष मिशन भागात राहण्याची अट घातली. डायस इथे १९६१ ते १९६४ होते आणि त्यांनी लॅटरन विद्यापीठातून कॅनन लॉची डॉक्टरेट घेतली. १९६४च्या डिसेंबरात मुंबईच्या ओव्हल मैदानावर युखरिस्टिक परिषद झाली, तिला पोप पॉल सहावे आले. त्या दौऱ्याच्या तयारीत रोममधून या तरुण मुंबईकराचा हात लागला होता.

नंतरची स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्करची वर्षं मी एका परिच्छेदात आटोपली. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या कामाची नोंद बाहेर फारशी येत नाही आणि पान भरण्यासाठी विशेषणं लावण्यात अर्थ नाही. १९७३ ते १९८२ मात्र थांबा. या काळात ते व्हॅटिकनच्या परराष्ट्र कारभारात सोव्हिएत संघ, पोलंड, चीन, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतले कित्येक देश पाहत होते. तेव्हा कम्युनिस्ट सरकारांशी बोलण्याचं धोरण ज्यांच्या नावाने ओळखलं जाई ते आगोस्तिनो कासारोली. १९६४चा हंगेरीशी करार त्यांचा, १९७५ला हेलसिंकीत युरोपातल्या देशांच्या जाहीरनाम्यावर पोपपीठातर्फे सही त्यांची. १९ जून १९८२ला डायस यांना बिशपपदाची दीक्षा देणारे हात याच कासारोलींचे. दीक्षा कुणी दिली हे नेहमी शोधा. कुठल्या गुरूच्या शाळेतला माणूस, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. पुढे अल्बानियाला त्यांचीच निवड का झाली असावी, तेही तिथून उलगडत जातं.

तारखांची वजाबाकी करायची सवय लावून घ्या. डायस यांचा जन्म १४ एप्रिल १९३६चा. १० मे २०११ला ते रोममधल्या पदावरून (त्याबद्दल पुढे सांगते) निवृत्त झाले. काही मतभेद? वजाबाकी करा: पंचाहत्तर पूर्ण होऊन महिना झालेला. पंचाहत्तरीला राजीनामा द्यायचा हा नियम आहे, त्यात रहस्य नाही. तसंच ऐंशीचं. पॉल सहावे यांच्या १९७०च्या आदेशानुसार ऐंशी ओलांडलेला कार्डिनल पोपच्या निवडणुकीत मत देत नाही. डायस २००५च्या आणि २०१३च्या, दोन्ही कॉन्क्लेव्हमध्ये, म्हणजे पोप निवडणाऱ्या बंद सभांमध्ये, बसले, कारण ऐंशी व्हायला २०१६ उजाडणार होतं. २००५मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव संभाव्य पोप म्हणूनही घेतलं होतं. ते लिहा, पण एका ओळीत. कॉन्क्लेव्हमधलं मतदान गुप्त असतं, त्यावर रंगवून लिहिलेली पानं कल्पनेची असतात.

२००६ ते २०११ त्यांनी जे खातं सांभाळलं त्याचं नाव मराठीत आणताना फार जपा. जुनं लॅटिन नाव "प्रोपगांदा फिदे", श्रद्धेच्या प्रसारासाठीचं मंडळ, १६२२मध्ये स्थापन झालेलं. आज मराठीत प्रोपगंडा म्हणजे खोटा प्रचार. शब्द जन्मला या कचेरीतून, बिघडला नंतर. मी "श्रद्धाप्रसार मंडळ" असं लिहिलं आणि मूळ नावाचा खुलासा एका ओळीत दिला. आशिया आणि आफ्रिकेतले बहुतेक धर्मप्रांत याच्या अखत्यारीत, म्हणून इटालियन लोक त्याच्या प्रमुखाला "लाल पोप" म्हणत. आपल्या मुंबई-वसई पट्टीला या नावाचा जुना इतिहास आहे. पोर्तुगीज राजाच्या अधिकारातली पाद्रोआदो चर्च आणि रोमच्या प्रोपगांदाची चर्च असे दोन तट इथे पिढ्यान्‌पिढ्या होते, घराघरांत भांडणं झाली, ती १९२८च्या करारानंतर निवळली. ज्यांचे आईवडील गोव्यातल्या वेळसावचे आणि जन्म वांद्र्याचा, त्यांच्याकडे रोममध्ये त्याच प्रोपगांदाची खुर्ची यावी, हे मी आमच्या वाचकांसाठी सविस्तर लिहिलं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी लेखातला तेवढा भाग दोनदा वाचून घेतला.

माहिती कुठे मिळते? पोपपीठाचं राजपत्र "आक्ता अपोस्तोलिचे सेदिस" १९०९पासून निघतं आणि व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. भाषा लॅटिन-इटालियन, पण नाव आणि तारीख शोधायला तेवढी लॅटिन पुरते. मुंबईसाठी "एक्झामिनर" साप्ताहिकाचे जुने अंक, ते १८५०पासूनचं आहे. राजदूताचे अहवाल मात्र मागू नका. व्हॅटिकनचं अभिलेखागार सध्या पोप पायस बारावे यांच्या काळापर्यंतच खुलं आहे. ते ९ ऑक्टोबर १९५८ला वारले आणि डायस यांची गुरुदीक्षा ८ डिसेंबर १९५८ची. दोन महिन्यांनी हुकलं. त्यांनी तिरानाहून किंवा घानाची राजधानी अक्राहून काय लिहून पाठवलं ते आपल्या हयातीत वाचायला मिळेल असं दिसत नाही.

म्हणून त्यांचा आवाज त्यांच्या जाहीर भाषणांत शोधावा लागतो. २००८मध्ये ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेत बोलले. आपली मुळं विसरून फक्त वर्तमानात जगणाऱ्या ख्रिस्तसभेला त्यांनी आत्मिक अल्झायमरची आणि सगळ्यांशी ताळमेळ सोडून आपापल्या मार्गाने जाणाऱ्यांना पार्किन्सनची उपमा दिली. यजमानांच्या घरी जाऊन असं बोलणारा माणूस मुळमुळीत नव्हे. शिकवणुकीच्या बाबतीत ते कडक समजले जात आणि ते सगळ्यांना आवडत नसे, हेही चरित्रात यायला हवं. श्रद्धांजली आणि चरित्र एक नाही.

मराठी नीट ठेवा. आडनाव मुंबईत "डायस", गोव्यात "दियश". वाचक कुठला ते पाहून एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच लिहा. प्रत्येक ओळीत "परमपूज्य" नको. पहिल्यांदा पूर्ण पद लिहा, मग नुसतं आडनाव आणि "ते". आदर क्रियापदातून कळतो.

आणि आपल्या गावाचा धागा शोधा, पण तो खरा असेल तरच. ८ नोव्हेंबर १९९६ला डायस यांची मुंबईच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली, मार्च १९९७मध्ये त्यांनी सूत्रं हाती घेतली. १९९८मध्ये आमची वसई मुंबईपासून वेगळी होऊन स्वतंत्र धर्मप्रांत झाली आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. म्हणजे डायस आम्हा वसईकरांचे आर्चबिशप होते ते जेमतेम सव्वा वर्ष. माझ्या दुसऱ्या लेखात हे चार ओळींत आलं, त्याहून जास्त जागा त्याला नव्हती.

शेवट कसा करायचा यावर मी बराच वेळ अडले होते. मग डावीकडची पानं पुन्हा एकदा वरून खाली वाचली. १९ जून १९८२, बिशपपदाची दीक्षा. १९ जून २०१७, रोममध्ये निधन, वय एक्याऐंशी. मधली वर्षं बरोबर पस्तीस. दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि लेख वार्षिकाच्या संपादकांकडे पाठवून दिला. मावशींना छापील प्रत मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी अल्बानियाचं पान बोट ठेवून वाचलं आणि श्कोदर नकाशात कुठे येतं ते विचारलं.